पौषातलं मुकं जेवण

मी रागीट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला बिचारी वगैरे म्हणायला नको. आता वयानं जरा धार कमी झालीय, पण तरुणपणीच्या त्या वर्षांत माझा राग चपला काढायच्या आधी घरात शिरायचा. रिक्षावाला, दूधवाला, चौथीच्या वर्गातली मागची बाकं, शेजारच्या खोलीतला रेडिओ, सगळ्यांनी तो खाल्लेला. राग येऊन गेला की मला रडू यायचं आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग यायचा. रात्री डोकं दुखायचं, अन्न अंगी लागायचं नाही.

त्यावर माझा उपाय ठरलेला होता. दर एक जानेवारीला संकल्प करायचा. डिसेंबर लागला की बारामतीतले दुकानदार गिऱ्हाइकांना डायऱ्या वाटायचे. आमच्याकडं एका खतवाल्याची यायची, पानापानावर युरिया नाहीतर फवारणीची जाहिरात. तिच्या पहिल्या पानावर मी सुवाच्य अक्षरात संकल्प लिहायचे. एका वर्षी लिहिलं, पहाटे पाचला उठून कालव्याकडं फिरायला जायचं. चार दिवस गेले, पाचव्या दिवशी कुत्रं मागं लागलं आणि मी कुत्र्याच्या मालकाशी असं भांडले की पुन्हा त्या रस्त्यानं जायची सोय राहिली नाही. एका वर्षी चहा सोडला. शाळेतल्या बायका अजून सांगतात, त्या आठवड्यात माझ्या वर्गातली पोरं पाढे म्हणताना थरथरायची. आणि तीन वर्षं ओळीनं एकच संकल्प लिहिला, रागवायचं नाही. तो कधी संक्रांतीपर्यंत टिकला असेल तर शपथ.

पंच्याण्णव साल संपत आलं होतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, बारामतीत दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. हे इंदापूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात कामाला. गळीत हंगाम सुरू झाला की तिकडंच खोलीवर राहायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला मोटारसायकलवर यायचे, कपड्यांना मळीचा वास घेऊन. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं की माझा दिवस गेलाच म्हणून समजा.

त्या दिवाळीत ह्यांनी आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, निरवांगीहून आमच्याकडं आणलं. सासूबाई श्रावणात गेल्या होत्या. हे एकुलते एक. शेत वाट्यानं दिलेलं, आबांच्या जेवणाखाण्याची गावात आबाळ व्हायला लागलेली. आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पावसाळा सरला की कळप घेऊन घाट उतरायचा, चार-चार महिने गावाचं तोंड बघायचं नाही. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चरायला रान राहिलं नाही, मग मेंढरं विकून टाकली. पण माणूस अजून कळपातच होता. पहाटे चारला उठायचे, दार उघडून आभाळ बघायचे, खाकरायचे. मी उशीखाली डोकं घालून दात खायचे.

दिवसा मी दहाला जायचे ती साडेपाचला यायचे. आबा दारातल्या पायरीवर घोंगडं घेऊन बसलेले. सकाळी निघताना जसे, तसेच संध्याकाळी. शहरात त्यांना जायला जागा नव्हती आणि बोलायला माणूस नव्हतं. आज हे मी सहज लिहितेय. तेव्हा मला एवढंच दिसायचं की घोंगड्याची लोकर पायरीवर पडलीय.

मग रात्रीचं जेवण. निरवांगीला मी आधी आबांना वाढायचे आणि मागून जेवायचे. इथं पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "दोघंच तर हाय. तूबी बस, पोरी. गार कशाला खायाचं?" तेव्हापासून आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसून जेवायचो. आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडला की आबांचं बोलणं सुरू व्हायचं. कुठल्या साली घाटात वाघरू आडवं आलं, कुठली मेंढी कुणाला ओळखायची, कुठल्या गावात खतासाठी शेतात मेंढरं बसवली की काय मिळायचं. एकच गोष्ट चार वेळा. दिवसभर चाळीस पोरांचा आवाज ऐकून आलेल्या माझ्या कपाळाची शीर तिथंच उडायला लागायची. मी ताट आपटायचे, पाण्याचा तांब्या आपटायचे. आबा क्षणभर थांबायचे आणि मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणूनच अजून एखादी गोष्ट काढायचे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेत मी नव्या डायरीत काय लिहायचं ते बोलून दाखवत होते. आमच्यात हिंदी शिकवणाऱ्या एक बाई होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही संकल्प कशाला करता हो? मी अमुक होणार, मी तमुक होणार. होणार म्हणजे कधी? आपल्याकडं नेम असतो, तो बरा. त्यात व्हायचं काही नसतं, नुसतं करायचं असतं. तुम्हाला राग सगळ्यात जास्त कधी येतो?"

"जेवताना," मी म्हणाले.

"मग मुक्यानं जेवा. माझी आई चातुर्मासात जेवायची. घासाला हात लागला की बोलणं बंद, हात धुतल्यावर सुरू. मध्येच बोललं तर ताटावरून उठायचं, उरलेलं खायचं नाही. बघा महिनाभर करून."

मला ते एकदम पटलं. एक जानेवारीला डायरीत मी काही लिहिलं नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता आबांना सांगितलं, आजपासून मुक्यानं जेवणार.

आबांना गंमत वाटली. "पौषात? मुकं जेवान चातुर्मासात धरत्यात, बाय."

"मी पौषात धरलंय."

"बरं बरं. नेम हाय तर हाय. तुझी सासू धरायची. ती जेवाय बसली की घरात कुनी तिला हाक मारीत नसं. दुसऱ्याच्या नेमात बोलावं न्हाय, बोलनाऱ्याला लागतं."

आणि त्या दिवसापासून आबाही गप्प जेवू लागले. मला बोलायचा मोह होऊ नये म्हणून. समोरासमोर दोन ताटं आणि भाकरी मोडल्याचा आवाज. काय सांगू, मला इतकं बरं वाटायला लागलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून झोप लागायला लागली. डोकं दुखायचं थांबलं. जेवण झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं खूण करायचे. शाळेत मी दोघी-तिघींना ऐकवलं, "संकल्पबिंकल्प सोडा, नेम धरा." हिंदीच्या बाईंना तर मी पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आबांचं दिवसातलं बोलणं आता कुठं गेलं, हा प्रश्न मला पडला नाही. जेवणानंतर मी भांडी घासायचे, वह्या तपासायला घ्यायचे, आणि आबा पुढच्या खोलीत जाऊन पडायचे.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती, मी वैतागून घरी आले. पिठलं-भाकरी केली, दोघं बसलो. मी दोन घास खाल्ले असतील. आबांनी ताटाला हात लावला नव्हता. ते वर बल्बाकडं बघत होते.

"बाय," ते म्हणाले, "बल्बाभवती कडं दिसतंय मला. रंगीत. आन् ह्यो डावा डोळा लई ठणकतुय. पार डोसक्यात जातंय."

मी डावा हात वर केला. पंजा उघडून, थांबा म्हणून. वर्गात पोरांना करते तसा.

आबांनी जीभ चावली. खरोखर, लहान पोरगं चावतं तशी. कानाच्या पाळीला हात लावला आणि खाली मान घालून एक तुकडा मोडला. तो त्यांनी किती तरी वेळ चघळला.

मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी शब्दन् शब्द ऐकला. दुखत असणार हेही कळलं. मी शांतपणे पुरी भाकरी खाल्ली, हात धुतले, तोंड पुसलं. आता बोलायला मोकळी होते. विचारावं असं मनात आलंही. पण लगेच दुसरं आलं की, विचारलं तर आता सुरू होतील, डोळ्यावरून मेंढरांवर जातील आणि तासभर सुटका नाही. दवाखाना निघाला तर तालमीचं काय, हेही आलं. मी भांडी घासायला बसले. बाहेर आले तेव्हा आबा तोंडावर घोंगडं ओढून पडले होते. झोपले, असं मी स्वतःला सांगितलं. आणि कॅलेंडरवर खूण केली. त्यांनी मध्येच बोलूनही मी बोलले नाही, म्हणून त्या दिवशीची खूण मी जरा ठसठशीतच केली.

सकाळी मोरीत पाणीच पाणी. मी विचारलं, "आबा, एवढं पाणी कशाला ओतलंत?"

"जरा वकलो," ते म्हणाले.

"पिठलं बाधलं असेल." मी त्यांना चिमूटभर ओवा दिला आणि शाळेत गेले. डोळ्याचं विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. आदल्या दिवशी मी पंजा दाखवला होता ना. माझ्यापरीनं तो फक्त जेवणापुरता होता. त्यांनी तो केवढा धरला, कुणास ठाऊक.

त्यानंतरचे दोन दिवस आबा डाव्या डोळ्यावर तळवा धरून बसायचे. पायरीवरही, जेवतानाही. एका हातानं भाकरी मोडता येत नाही, म्हणून मी त्यांची भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागले. बघा, एवढं मला दिसत होतं. कुस्करायची गरज का पडली ते तेवढं विचारत नव्हते. जेवताना नेम होता आणि बाकीच्या वेळी मला वेळ नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी हे सुट्टीला आले. मी शाळेतून परतले तर हे दारातच उभे, तोंड उतरलेलं. आबांचा डोळा लालभडक झाला होता. हे म्हणाले, "चल, मी थांबलो होतो तुझ्यासाठी." रिक्षा करून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं बराच वेळ तपासलं. मग ह्यांना म्हणाला, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब एकदम वाढलाय. या डोळ्याची नजर गेली. पहिल्या दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी आणलं असतं तर वाचवता आली असती. आता दुसरा डोळा जपायचा." मग आबांकडं वळून जरा मोठ्यानं विचारलं, "बाबा, कधीपासून दुखतोय?"

"चार दिस झालं."

"चार दिवस? आणि घरात कुणाला बोलला नाहीत?"

मी आबांच्या मागं उभी होते, हातात पर्स, आणि पर्सच्या पट्ट्याला पीळ घालत होते. मला वाटलं, आता सांगतील. सांगावं असंही वाटलं आणि सांगू नये असंही, आणि दुसरं वाटणं जास्त होतं.

"न्हाय," आबा म्हणाले. "कुनालाच बोललो न्हाय. वाटलं, वारं लागलं आसंल."

हे तिथंच आबांवर ओरडले. "तुमचं हे नेहमीचंच आबा. अंगावर काढायचं. घरात शिकलेली सून हाय, तिला सांगाय काय तोंड नव्हतं का तुमाला?" आबा खाली बघून ऐकत राहिले. एका डोळ्यावर पट्टी आणि पोराची बोलणी. मी एक शब्द बोलले नाही.

रात्री जेवायला तिघं बसलो. ह्यांचा राग अजून उतरला नव्हता, अधूनमधून आबांना टोचत होते. मग माझ्याकडं बघून आवाज मऊ करून म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नको. तुला त्यांनी सांगितलंच न्हाय, तर तू काय करणार?" मी भाकरीला हात लावला होता. ह्यांना माझा नेम माहीत होता, त्यामुळं उत्तराची त्यांना अपेक्षाच नव्हती. मी मान हलवली आणि घास तोंडात घातला. त्या घासाची लाज मला अजून वाटते. आधीच्या सगळ्या दिवसांचा काही ना काही बहाणा करता येईल. दमले होते, कळलं नाही, एवढं असेल वाटलं नाही. पण त्या रात्री मी नेमाच्या आड जाऊन बसले, नीट कळून सवरून.

त्यानंतर मी एक जानेवारीला कधी काही ठरवलं नाही. नेमही धरला नाही. कुणी विचारलंच तर सांगते, बाई गं, स्वतःला सुधारायला निघालीस की आजूबाजूला कोण बसलंय ते बघून निघ. पुढं आबा आणखी सहा वर्षं आमच्याकडं होते. शाळेतून आले की हातपाय धुवायच्या आधी मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसायचे. चहा तिथंच. त्यांनी वाघराची गोष्ट काढली की ऐकायची, चौथ्यांदा असली तरी. कंटाळा यायचा. मी देवमाणूस झाले नाही, राग यायचाच, कधी कधी मी अर्ध्यातून उठूनही जायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. त्याच्या खुणा कुठं केल्या नाहीत. डोकेदुखी मात्र गेली ती पुन्हा फारशी आली नाही, आणि मला बरं वाटावं याचीही थोडी लाजच वाटते.

पण हे मी पुढचं सांगतेय. मधली एक सकाळ टाळत टाळत इथवर आले. ती सांगितली नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी हे कारखान्यावर परत गेले. मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला. दुसऱ्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचं होतं. मी आबांना पलंगावर भिंतीला टेकवून बसवलं, बाटली हातात घेतली. मी म्हणाले, "आबा, तुम्ही डॉक्टरांना खोटं का सांगितलंत? मला सांगितलं होतं तुम्ही."

"कवा?"

"जेवताना. बल्बाभोवती कडं दिसतंय म्हणालात. मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं मी, आबा."

हे बोलताना मला वाटत होतं की आता ते रागावतील, निदान गप्प बसतील. मी तेवढ्यासाठीच बोलले असेन. बोलणी खाल्ली की माणसाला सुटल्यासारखं वाटतं.

आबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. जो डोळा राहिला होता त्यानं माझ्याकडं नीट बघायचा प्रयत्न केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चूक पकडली गेल्यावर माणूस वरमतो तसे ते वरमले होते.

"ती माजी चूक व्हती, पोरी. तुज्या नेमात मी बोललो. लई कळ आली, ऱ्हावलंच न्हाय. म्हातारी आसती तर मला फाडून खाल्ला आसता." मग आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "मला त्याच दिसापसनं घोर लागलाय. तुला ताटावरनं उठावं न्हाय ना लागलं? नेम मोडला न्हाय ना तुजा, माज्यापायी?"

ते उत्तराची वाट बघत होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

"नाही आबा," मी म्हणाले. "नाही मोडला."

"मंग झालं तर," ते म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. त्यांनी मान मागं टाकली, औषधासाठी डोळा उघडा धरला, आणि मी बाटली उलटी केली.